‘पूर्णतः सुगम्य’ या दोन शब्दांवरून

[सकाळी ७:१२] ब-३०४: सचिवसाहेब, नृत्य-सभागृहाच्या नव्या सत्राचे पत्रक काल रात्री आले. त्यात तळाशी ‘सभागृह सर्वांसाठी पूर्णतः सुगम्य आहे’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. मागच्या स्नेहसंमेलनात माझ्या बहिणीला व्हीलचेअरसकट चौघांनी उचलून आत नेले होते आणि ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा हे वाक्य कशाच्या आधारे लिहिले, एवढेच विचारायचे आहे.

[सकाळी ७:४०] सचिव: ताई, आपली नाराजी समजू शकतो. रॅम्प त्यानंतरच बांधला आहे. तो मंजूर होताना कोणी विरोध केला होता, याची नोंद इतिवृत्तात आहे.

[सकाळी ७:४३] क-१०१: रोख माझ्याकडे असल्यामुळे उत्तर देतो. माझा विरोध रॅम्पला नव्हता, तर पुरेशी जागा नसलेल्या कोपऱ्यात तो कोंबण्याला होता. इतिवृत्तात नेमका तेवढाच भाग गाळला गेला आहे.

[सकाळी ७:४५] अ-२०२: मुख्य दारापाशी दोन पायऱ्या आहेत, एवढे पत्रकात लिहावे.

[सकाळी ८:०५] ब-३०४: मी तो रॅम्प काल टेपने मोजला. दोन पायऱ्यांची मिळून उंची ३२ सेंटिमीटर आहे आणि रॅम्पची आडवी लांबी जेमतेम २ मीटर आहे, म्हणजे उतार साधारण १ः६ पडतो. व्हीलचेअरसाठी १ः१२ पेक्षा तीव्र उतार नसावा, असा सर्वसाधारण निकष आहे. त्या हिशेबाने हाच चढ सुमारे ३ मीटर ८४ सेंटिमीटर लांबीत घ्यायला हवा होता. आहे त्या उतारावर बहीण एकटी चढू शकत नाही, आणि उतरताना मागून कोणी धरले नाही तर खुर्ची थेट कुंड्यांवर जाते.

[सकाळी ८:०९] क-४०३: मुलांनी मात्र घसरगुंडी म्हणून त्याला केव्हाच मान्यता दिली आहे.

[सकाळी ८:११] क-१०१: तेथे स्कूटर कोण लावते, हाही विषय एकदा निघू द्या.

[सकाळी ८:१२] क-४०३: हा संदेश हटवला आहे.

[सकाळी ८:३०] अ-५०१: सर्वांचा आदर राखून एक शंका मांडतो. नृत्य ही शेवटी पायांची कला आहे. ज्यांना चालणेच अवघड, त्यांच्यासाठी प्रेक्षक म्हणून पुढची रांग राखून ठेवली तर हा प्रश्न सुटणार नाही काय?

[सकाळी ८:५२] वर्गशिक्षिका: काका, आपण वडीलधारे आहात, तरीही स्पष्ट लिहिते. सुधा चंद्रन यांनी अपघातात पाय गमावल्यानंतर १९८४ मध्ये कृत्रिम पायावर पुन्हा रंगमंचावर नृत्य केले. ब्रिटनमधील कॅन्डोको या संस्थेत १९९१ पासून अपंग आणि अपंग नसलेले नर्तक एकत्र काम करत आले आहेत. हात, मान, श्वास, नजर आणि खुर्चीचे वळणे ही सारी देहाचीच भाषा आहे. माझ्या वर्गात यायचे की प्रेक्षकांत बसायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. ते पायऱ्यांनी ठरवू नये.

[सकाळी ८:५५] अ-५०१: माझा हेतू तसा नव्हता.

[सकाळी ८:५६] अ-२०२: मुख्य दारापाशी दोन पायऱ्या आहेत, एवढे पत्रकात लिहावे.

[सकाळी ९:२०] वर्गशिक्षिका: माझ्याही चुका सांगते. पत्रकात ‘अनवाणीच यावे’ असे मीच लिहिले होते. ज्यांच्या पायाला कॅलिपर (चालताना पायाला बांधायचा आधार) आहे किंवा ज्यांचा कृत्रिम पाय विशिष्ट उंचीच्या बुटावर बेतलेला आहे, ते ही ओळ वाचून घरीच थांबतील, हे माझ्या लक्षात आले नाही. लाकडी तळाला ओरखडे पडू नयेत एवढाच उद्देश होता. तो काठीचे रबरी टोक आणि चाके पुसून घेतल्यानेही साधतो. संगीत मोठ्या आवाजात असते, सरावात झगमगते दिवे लावत नाही, एक भिंत पूर्ण आरशाची आहे आणि मध्येच बसून विश्रांती घेता येते, हेही लोकांना आधी कळले पाहिजे. कमी दिसणाऱ्याला आरशाची भिंत मोकळी वाट वाटू शकते.

[सकाळी ९:३४] खजिनदार: हे सर्व पत्रकात छापले तर लोक बिचकतील. ‘सर्वांचे स्वागत आहे’ हे वाक्य पुरेसे सकारात्मक नाही का?

[सकाळी ९:४१] ब-३०४: ज्याला काहीच अडचण नाही, तो ही माहिती वाचणारसुद्धा नाही. ज्याला आहे, त्याला स्वागतापेक्षा दाराची रुंदी कळणे अधिक उपयोगाचे आहे. गोड वाक्यावर विसंबून माणूस येतो आणि दारातून परत जातो, तेव्हा तो पुन्हा कधी येत नाही.

[सकाळी १०:०२] क-१०१: दार मी मोजले. एकच झडप उघडल्यास ६८ सेंटिमीटर वाट मिळते, दोन्ही उघडल्यास १ मीटर ३६. दुसऱ्या झडपेचा खिटा कित्येक महिने निघालेला नाही, असे पहारेकरी म्हणतात. शिवाय रुंद स्वच्छतागृहात घड्या घातलेल्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या आहेत. सांस्कृतिक समितीने याचा खुलासा करावा.

[सकाळी १०:०४] खजिनदार: त्या खुर्च्या ठेवायला जागा द्या, उद्या हलवतो. दर वेळी आमच्यावरच का येते?

[सकाळी १०:४८] सचिव: कृपया वैयक्तिक टीका थांबवावी. सुधारित मजकूर असा आहे: ‘मुख्य दारापाशी पायऱ्या आहेत. बाजूचा रॅम्प तीव्र असून चढता-उतरताना मदतनीस लागेल. आगाऊ कळवल्यास दाराशी एक जण थांबेल. दाराच्या दोन्ही झडपा वर्गाच्या वेळी उघड्या असतील. रुंद स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे. ते सध्या वापरता येत नाही, मोकळे झाल्यावर कळवू. आधाराचे बूट, काठी व व्हीलचेअर वर्गात चालतील. संगीत मोठ्या आवाजात असते. झगमगते दिवे नसतात. एक भिंत पूर्ण आरशाची आहे. मध्ये बसून विश्रांती घेता येते.’ ‘पूर्णतः सुगम्य’ हे शब्द काढले आहेत. रॅम्पची लांबी पुढील सभेच्या विषयपत्रिकेत घेतो.

[सकाळी १०:५१] ब-३०४: आभारी आहे. बहिणीला हेच पाठवते. यायचे की नाही, ते ती ठरवेल.

[सकाळी १०:५३] अ-२०२: ‘पायऱ्या’ या शब्दाआधी ‘दोन’ लिहायचे राहिले आहे.