दक्षिण चीन: कामाच्या दौऱ्यातला रविवार

कंपनीच्या कामासाठी ग्वांगचौ, शेन्झेन, डोंगग्वान, फोशान, शियामेनला जाणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. बहुतेकांचा रविवार हॉटेलात, मॉलमध्ये किंवा शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जातो. या किनाऱ्याकडे त्याहून खूप काही आहे. ज्यांनी सुट्टीत पाय मोकळे केलेत त्यांनी सविस्तर लिहा: कुठे गेलात, कसे गेलात, कशापाशी रेंगाळलात.

सुरुवात माझ्यापासून. कँटन फेअर १९५७ पासून ग्वांगचौला भरतं, वर्षातून दोनदा. मी कापडाच्या खरेदीसाठी जाते. मधल्या सुट्टीच्या दिवशी आधी छन घराण्याचं सभागृह पाहिलं. १८९४ साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या छपरावर भाजलेल्या मातीची शेकडो माणसं, प्राणी, नाटकातले प्रसंग आहेत. मान वर करून चालावं लागतं. मग जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून, जेड बाजाराला लागून असलेल्या ह्वालिन मंदिरात. सहाव्या शतकात भारतातून समुद्रमार्गे आलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म इथेच किनाऱ्याला लागला, अशी तिथली परंपरा सांगते. पाचशे अर्हतांच्या दालनात मी बराच वेळ बसले. भारतातून आले म्हटल्यावर एका आजींनी हात धरून बोधिधर्माच्या मूर्तीपाशी नेलं.

*

मी साच्यांच्या ट्रायलसाठी डोंगग्वानला जातो. तिथून हुमेन जवळ आहे. शाळेत अफूचं युद्ध दोन ओळींत संपलं होतं. त्याची ठिणगी इथे पडली हे मला कारखान्यातल्या क्वालिटीच्या माणसाने सांगितलं आणि रविवारी तोच सोबत आला.

१८३९ च्या जूनमध्ये लिन झशू या अधिकाऱ्याने इंग्रज व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या इथे नष्ट केल्या. जाळल्या नाहीत. खोदलेल्या चौकोनी तळ्यांत मीठ आणि चुना घालून अफू विरघळवली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडली. तीन आठवडे काम चाललं. ती तळी अजून आहेत, शेजारी संग्रहालय आहे.

माळव्याची अफू मुंबई बंदरातून इथे पर्ल नदीच्या मुखाशी यायची. जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतः चीनच्या सफरी केल्या होत्या, आणि त्यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या व्यापारातली. माझ्या आईचं ऑपरेशन जे. जे. रुग्णालयात झालं, ते रुग्णालय त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये उभं राहिलं. मी हे सोबतच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, मग हे तुमच्याकडेही शिकवायला हवं. मला ते पूर्णपणे पटलं. आता नवीन मुलं ट्रायलला आली की मी त्यांना हुमेनला घेऊन जातोच.

*

हुमेनचं वाचून राहवलं नाही. ग्रॅनाइटच्या धंद्यामुळे माझं शियामेनला जाणं होतं. तिथे सगळे गुलांग्यू बेटावर पाठवतात. बेट सुंदर आहे, मोटारी नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी फार. मी म्हणेन, सरळ बुलेट ट्रेन पकडा आणि च्वानचौ गाठा, तासाच्या आत पोचता.

तेराव्या-चौदाव्या शतकात हे जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं आणि तमिळ व्यापाऱ्यांची इथे वस्ती होती. त्यांनी शिवमंदिर बांधलं. १२८१ सालचा तमिळ शिलालेख सापडलाय. मंदिर राहिलं नाही, पण त्याचे दगड गावभर वापरले गेले. खाययुआन या बौद्ध मंदिराच्या मुख्य सभागृहामागे जा. तिथे दोन खांब वेगळेच दिसतात. जवळ गेलो, तर नरसिंह! मांडीवर हिरण्यकश्यपू. दुसरीकडे दोन झाडांमधून उखळ ओढत नेणारा बाळकृष्ण. आमच्या घरी नरसिंह कुलदैवत. आपसूक हात जोडले गेले. शेजारी उदबत्ती लावणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एक उदबत्ती माझ्याही हातात दिली.

सागरी इतिहासाच्या संग्रहालयात अशी आणखी शिल्पं आहेत, शिवाय अरबी कोरलेले थडग्यांचे दगड. २०२१ पासून गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. वेळ उरला तर शुनफू या कोळीवाड्यात जा, तिथल्या बायका अंबाड्याभोवती फुलांची वलयं माळतात. आपल्याकडच्या वेण्या आठवल्याच.

*

फोशानला टाइल्ससाठी जाणाऱ्यांनी नानफंगची मातीकामाची भट्टी चुकवू नये. डोंगराच्या उतारावर लांबलचक पसरलेली, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेटती. ग्वांगचौहून मेट्रोने फोशानला यायचं, पुढे टॅक्सी.

*

मी मडगावची. झुहाईला काम होतं, रविवारी सीमा चालत ओलांडून मकावला गेले. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर हा विचार सोडा, मकावला गेलात म्हणजे चीनमधून बाहेर पडलात. माझा अनेक प्रवेशांचा होता.

सेंट पॉलच्या भग्न दर्शनी भिंतीपाशी सगळेच जातात. मला बार्रा टेकडीच्या उतारावरची पिवळी-पांढरी कमानींची इमारत पाहायची होती. मकाव पोर्तुगीजांकडे असताना, १८७४ मध्ये, ती गोव्याहून आणलेल्या शिपायांच्या पलटणीसाठी बांधली. ही मुलं कुठल्या गावांतून आली असतील, परत गेली का, याची एक पाटीही तिथे नाही, आणि ती असायला हवी. सेंट जोसेफच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या हाताचं हाड जपलं आहे. १५५२ मध्ये ते याच किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. त्यांचं शव आमच्या जुन्या गोव्यात. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीचं दुसरं टोक मला तिथे दिसलं.

*

नव्याने जाणाऱ्यांसाठी: निघण्याआधीच फोनवरून पैसे द्यायच्या अलीपे या अ‍ॅपला आपलं कार्ड जोडून घ्या, छोट्या दुकानांत रोख सुटे मिळणं कठीण. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच असतं, तो जवळ हवाच. शाकाहारी असाल तर मांस, मासे, अंडी, मांसाचा रस्सा नको, हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळ हमखास शाकाहारी जेवण मिळतं. मोठ्या सणांच्या आगेमागे शनिवार-रविवार कामाचे जाहीर होतात, तेव्हा बेत ठरवण्याआधी कारखान्यात विचारा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र कुठेही जाऊ नका, अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो.

छाओचौचा होड्यांचा पूल कोणी पाहिलाय का? जवळच्या शांतौला पुढच्या महिन्यात जायचंय, तिथून एका दिवसात जमेल?