लाईटमनचा पट्टा कुठे अडकवायचा?

शूटिंगच्या स्टुडिओत लाईटमन, म्हणजे दिवे लावणारा कामगार, तराफ्यावर (छताला दोरीने टांगलेल्या फळ्यांवर) उभा राहून काम करतो. त्याला सेफ्टी बेल्ट दिला की तराफ्यावरचे अपघात थांबतील, असं म्हटलं जातं. द्यायलाच हवा, पण पूर्ण अंगाचा. नुसता कमरेचा असला तर झटक्याने पोटाला, मणक्याला इजा होते. आणि तो ज्या तराफ्यावर उभा, त्यालाच हूक अडकवला तर तराफ्याची दोरी सुटताच दोघंही खाली! हूक छताच्या गर्डरला स्वतंत्र हवा. उंचीचा हिशेबही कोणी करत नाही: पट्ट्याची दोरी ६ फूट, शॉक अॅब्सॉर्बर (झटका शोषणारी घडीची पट्टी) उघडून साडेतीन, माणूस ६, शिवाय पायाखाली ३ फूट मोकळे. म्हणजे हूक जमिनीपासून किमान साडेअठरा फुटांवर. पंधरा फुटांवर बांधला तर पट्टा असूनही माणूस फरशीवर आपटू शकतो. हा हिशेब कॅमेरा लावण्याआधी व्हायला हवा, तो माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.