'इंडी' सिनेमाला मराठीत म्हणायचं तरी काय?

टिळकवाडीकर: इंडी (म्हणजे इंडिपेंडंट) फिल्म, इंडी डायरेक्टर हे हल्ली सारखं कानावर येतंय, पण मराठीत लिहायला बसलं की अडतं. पेपरवाले 'स्वतंत्र चित्रपट' लिहून मोकळे होतात. मला ते खटकतं, कारण आपल्याकडे 'स्वतंत्र नाटक' म्हणजे रूपांतर किंवा अनुवाद नसलेलं नाटक, हा अर्थ पक्का बसलाय. आता पट्टाभिराम रेड्डींचा १९७० चा कन्नड 'संस्कार' घ्या, तो अनंतमूर्तींच्या कादंबरीवरून, म्हणजे आपल्या अर्थानं स्वतंत्र नाहीच, पण धंदेवाईक सिनेमाच्या बाहेर उभा राहिला म्हणून एकदम इंडी. (सेन्सॉरनं आधी अडवला आणि मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच, हे आपल्याकडेच होऊ शकतं.) तर दुसरा शब्द सुचवा.

खानापूरचा: समांतर आहे की सर, चांगला रुळलेला शब्द सोडून कशाला नवीन शोधायलाय?

शहापूरवाली: समांतर नको हो दादा. मृणाल सेनचा 'भुवन शोम' १९६९ चा, तो सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर झाला, मणी कौलच्या 'उसकी रोटी'लाही तिथलाच पैसा. म्हणजे समांतरवाल्यांच्या मागं बऱ्याचदा सरकार होतं. आणि आता समांतर म्हटलं की सत्तर-ऐंशीचं दशकच डोळ्यासमोर येतं, ते एका काळाचं नाव होऊन बसलंय. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला समांतर म्हणून बघा, कसंतरीच वाटतं. त्यात पैसे घातले विवेक गोंबरनं आणि बचावाचा वकीलही तोच झालाय, ह्यात 'समांतर' काय आहे?

निपाणीकर: मग प्रायोगिक?

शहापूरवाली: प्रायोगिक हा नाटकवाल्यांचा शब्द, तो मांडणीबद्दल बोलतो, पैशाबद्दल नाही. राम रेड्डीचा 'तिथि' बघितलाय का? मंड्याकडच्या नोडेकोप्पलु गावातली माणसंच घेऊन केलेला, २०१५ ला लोकार्नो फिल्म फेस्टिव्हलमध्ये बक्षीस मिळालेला. त्यात प्रयोग-बियोग काही दिसत नाही, म्हातारा मरतो, अकराव्या दिवसापर्यंत घरात जो काय गोंधळ होतो तो बघायचा आणि पोट धरून हसायचं. मंड्याची कन्नड मात्र आपल्या इकडच्या कन्नडवाल्यांनाही सबटायटल लावून बघावी लागते 😄

टिळकवाडीकर: बांगलादेशात ह्याला 'विकल्प धारा' म्हणतात, ऐंशीच्या दशकात तिथल्या पोरांनी १६ एमएमवर फिल्मा काढून थिएटरच्या बाहेर दाखवल्या तेव्हापासून. पण मराठीत 'मनात विकल्प आला' म्हणजे शंका आली, त्यामुळं विकल्प सिनेमा म्हटलं तर लोक म्हणतील ह्याच्यात काहीतरी काळंबेरं आहे. कन्नडवाले पर्याय म्हणतात ते त्यातल्या त्यात बरं, पण पर्याय म्हणजे पुन्हा मूळ दुसरंच कुणीतरी, हा मागनं आलेला, असं होतं.

खानापूरचा: आमच्याकडं पोस्टर बघून सरळ म्हणतात, "ह्यो अवॉर्डचा पिक्चर हाय, झोप काढायला जाऊलास काय गा?" हाच शब्द घ्या 😂

निपाणीकर: पैशावरूनच नाव द्यायचं तर 'वर्गणीचा सिनेमा' म्हणा की. केरळात जॉन अब्राहमनं १९८६ चा 'अम्मा अरियन' लोकांकडनं पैसे गोळा करून काढला, ओडेसा नावाचं मंडळ होतं, गावोगाव पिक्चर दाखवायचे आणि पैसे जमवायचे. बेनेगलांच्या 'मंथन'ला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी २-२ रुपये दिले. कन्नडमधला पवन कुमारचा 'लुसिया' (२०१३) पण वर्गणीचाच, फक्त पावतीपुस्तकाच्या जागी इंटरनेट.

शहापूरवाली: वर्गणी शब्द गोड आहे पण सगळ्यांना लागू नाही ना. गोंबरनं कुठं वर्गणी काढली? माझं मत 'अपक्ष'ला. हसू नका. पक्षाचं तिकीट नाही, वरनं पैसा नाही, चिन्ह ऐनवेळी मिळतं तसं ह्यांना थिएटरही ऐनवेळी, सकाळी ९ चा शो. आणि अपक्ष म्हणजे काय हे बेळगावात कुणाला समजावून सांगायला नको, महाराष्ट्र एकीकरण समितीची माणसं वर्षानुवर्षं अपक्ष म्हणूनच अर्ज भरत आलीत आणि निवडूनही आलीत.

टिळकवाडीकर: 'अपक्ष चित्रपट' लिहिलं तर पुण्यातला वाचक म्हणेल निवडणुकीवरची डॉक्युमेंटरी आहे.

शहापूरवाली: म्हणू दे. दोन-चार वेळा छापून आलं की सवय होते. बोलपट शब्दही पहिल्यांदा कुणीतरी वापरलाच असेल की. तुम्ही पुढच्या लेखात वापरा, मग बघू.