'चॅम्पियन्स' या सुपरहीरो रोलप्लेइंग गेमच्या नावाचा मालक नेमका कोण?

फासेवाला:
आमच्या गटाने हीरो सिस्टिमच्या (म्हणजे 'चॅम्पियन्स' ज्या नियमांवर खेळतात त्यांच्या) सहाव्या आवृत्तीसाठी मुंबईत घडणारं एक ॲडव्हेंचर, म्हणजे खेळायला तयार कथानक, मराठीत लिहिलंय. ६४ पानांची पीडीएफ आहे आणि ती विकायची आहे. मुखपृष्ठावर 'चॅम्पियन्स' हे नाव हवंय आणि खलनायक म्हणून त्याच गेममधला डॉक्टर डिस्ट्रॉयर. परवानगी मागायची कोणाकडे? नियमपुस्तकावर हीरो गेम्सचं नाव, ऑनलाइन गेम क्रिप्टिक या व्हिडिओगेम कंपनीचा, आणि मार्व्हलचं याच नावाचं कॉमिकही आहे. तिघांपैकी खरा मालक कोण?

जुनी_आवृत्ती:
तिघांचेही हक्क आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींवर.

गेम १९८१ चा. जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी तो हीरो गेम्सकडून आणला. १९८६ पासून प्रकाशनाचं काम आयर्न क्राउन एंटरप्रायझेसकडे होतं, आणि १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत मूळ नियमांना 'हीरो सिस्टिम' हे स्वतंत्र नाव मिळालं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे, कारण तेव्हापासून नियमांची ओळख वेगळी आणि 'चॅम्पियन्स'ची वेगळी. २००१ मध्ये डीओजे या कंपनीने हीरो गेम्सची सगळी मालमत्ता घेतली.

खरी फाटाफूट २००८ ची. क्रिप्टिक स्टुडिओज मायक्रोसॉफ्टसाठी मार्व्हलच्या पात्रांवर ऑनलाइन गेम बनवत होतं. तो प्रकल्प त्या वर्षी रद्द झाला आणि अर्धवट तयार गेमसाठी त्यांना नवं विश्व हवं होतं. त्यांनी 'चॅम्पियन्स'चे हक्क विकत घेतले, म्हणजे नाव, ते विश्व आणि डॉक्टर डिस्ट्रॉयर, मेकॅनॉन, फॉक्सबॅट यांसारखी पात्रं. हीरो सिस्टिमचे नियम मात्र डीओजेकडेच राहिले. मग क्रिप्टिकने कागदी पुस्तकं छापण्याचा परवाना हीरो गेम्सला परत दिला. म्हणून २०१२ च्या 'चॅम्पियन्स कम्प्लीट'वर तुम्हाला हीरो गेम्स दिसतं, पण नावाच्या बाबतीत ते परवानाधारक आहेत, मालक नाहीत.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की मुखपृष्ठावरचं नाव आणि डॉक्टर डिस्ट्रॉयर हे दोन्ही क्रिप्टिकच्या बाजूचे. हीरो गेम्सने होकार दिला तरी तो पुरेल असं गृहीत धरू नका. परवानाधारकाला पुढे दुसऱ्याला परवाना (उपपरवाना) देता येतो की नाही, हे मूळ करारात लिहिलेलं असतं. पत्रात थेट विचारा: 'उपपरवाना देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का?' उत्तर लेखी घ्या.

कॉमिकवेडा:
मार्व्हलबद्दल. त्यांचं 'द चॅम्पियन्स' १९७५ ते १९७८ चाललं, १७ अंक निघाले. बंद पडल्यावर नाव मोकळं राहिलं. १९८६ मध्ये एक्लिप्स या कॉमिक प्रकाशकाने या रोलप्लेइंग गेमवर आधारित 'चॅम्पियन्स' कॉमिक काढलं आणि पुढच्या वर्षीपासून ते हिरोइक पब्लिशिंगकडे गेलं. कॉमिकसाठी नावाचा ट्रेडमार्क तिथे रुजला. त्याचा फटका मार्व्हलला २००७ मध्ये बसला: 'चॅम्पियन्स' म्हणून ठरलेली नवी मालिका त्यांना 'द ऑर्डर' या नावाने काढावी लागली. २०१६ मध्ये मात्र मार्व्हलने 'चॅम्पियन्स' पुन्हा सुरू केली.

म्हणजे कॉमिकचं नाव एकाकडे आणि गेमचं दुसऱ्याकडे, हे कायद्यात सहज चालतं. ट्रेडमार्क वस्तूंच्या वर्गाप्रमाणे असतो. तुमच्या पीडीएफमध्ये कॉमिकची पानं टाकायचा विचार असेल तर तो आताच सोडा, नाहीतर विनाकारण मार्व्हलच्या हद्दीत शिराल.

नोंदणी_शोधक:
इतिहास कळला तरी पत्र कोणाच्या नावे लिहायचं ते नोंदी पाहूनच ठरवा. क्रिप्टिक २००८ च्या अखेरीस अटारीकडे, २०११ मध्ये परफेक्ट वर्ल्डकडे आणि २०२१ मध्ये एम्ब्रेसरकडे गेलं. त्यानंतरही समूहात फेरबदल झाले. इथे बरेच जण चुकतात आणि 'आता मालक एम्ब्रेसर' असं लिहून मोकळे होतात. कंपनीचे शेअर विकले गेले म्हणजे ट्रेडमार्क हस्तांतरित झाला असं होत नाही. नोंदीतला मालक तोच राहतो, जोपर्यंत वेगळा हस्तांतरण-दस्त होत नाही.

अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट आहे. नुसतं 'चॅम्पियन्स' टाकलं तर खेळाच्या स्पर्धांपासून कपड्यांपर्यंत ढिगाने नोंदी येतील, म्हणून वर्ग लावा: १६ (छापील पुस्तकं), २८ (खेळ), ९ (सॉफ्टवेअर, डाउनलोड होणारी पुस्तकं), ४१ (ऑनलाइन गेम, मनोरंजन). पीडीएफ ९ मध्ये येते. लोक फक्त २८ पाहतात आणि सुटलो म्हणतात.

मिळालेल्या नोंदीत आधी ती जिवंत आहे की मृत ते बघा. तिथे नोंदणीनंतर पाचव्या ते सहाव्या वर्षात वापराचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण. ते चुकलं की नोंद मृत होते. पण मृत नोंद म्हणजे मोकळं नाव नव्हे. अमेरिकेत नुसत्या वापरानेही हक्क तयार होतो, आणि सलग ३ वर्षं वापर नसेल तरच नाव सोडून दिल्याचं प्रथमदर्शनी मानलं जातं. क्रिप्टिकचा 'चॅम्पियन्स ऑनलाइन' २००९ पासून चालू आहे, त्यामुळे त्या आशेवर राहू नका. शेवटी त्याच नोंदीतून हस्तांतरणाचा तक्ता उघडा. कोणी कोणाला कधी दिलं ते तिथे ओळीने दिसतं. पत्र सगळ्यात शेवटच्या नावाला.

फासेवाला:
समजलं. मग नाव आणि डॉक्टर डिस्ट्रॉयर दोन्ही काढले आणि फक्त नियम ठेवले तर?

बारा_सेगमेंट:
तर वाट बरीच सोपी होते. उदाहरणही आहे. मेफेअर या कंपनीचा, डीसी कॉमिक्सच्या पात्रांवरचा १९८५ चा डीसी हीरोज गेम परवाना संपल्यावर बंद झाला, पण त्याचे नियम पल्सार गेम्सने 'ब्लड ऑफ हीरोज' या नावाने स्वतःची पात्रं घालून पुन्हा छापले. उलट, मार्व्हल हिरोइक रोलप्लेइंग २०१२ मध्ये आला आणि २०१३ मध्ये परवाना संपताच त्याच्या पीडीएफ विक्रीतून गेल्या. परवान्याच्या नावावर उभं केलेलं पुस्तक असं एका दिवसात दुकानातून उतरतं.

खेळण्याची पद्धत कॉपीराइटमध्ये येत नाही, तिची मांडणी येते. आपल्याकडे आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्पना आणि अभिव्यक्ती यांतला हा फरक स्पष्ट केलाय. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: १२ सेगमेंटचा (भागांचा) टर्न म्हणजे एक फेरी, स्पीड ४ (फेरीत चार पाळ्या) असलेल्या पात्राची पाळी ३, ६, ९ आणि १२ व्या सेगमेंटला, नेहमीच्या फटक्यात फाशावर १ आला तर बॉडी (शरीराला होणारी इजा) ०, २ ते ५ ला १ आणि ६ ला २. ही यंत्रणा तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगू शकता. पुस्तकातला परिच्छेद उचलून मराठीत आणू शकत नाही, कारण भाषांतराचा हक्कही लेखकाच्याच कॉपीराइटचा भाग आहे. म्हणून पात्रांचे आकडे द्या, नियम समजावू नका. खेळणाऱ्याकडे नियमपुस्तक असतंच. प्रत्येक पॉवरचं (पात्राच्या शक्तीचं) वर्णन मराठीत उतरवलं असेल तर ती पानं आधी काढा.

नोंदणी_शोधक:
सुसंगततेचा उल्लेख करायला भारतीय कायद्यात जागा आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ३०: तुमची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूबरोबर वापरायची आहे हे सांगण्यापुरतं त्याचं नाव घेता येतं, फक्त ते गरजेपुरतंच हवं आणि तुमचा माल त्यांचाच आहे असा भास होता कामा नये. तरी तुम्ही परदेशी दुकानातून विकणार असाल तर तिथला कायदा लागतो, म्हणून हीरो गेम्सला मेल टाकाच. मुखपृष्ठावर तुमचं स्वतःचं शीर्षक मोठं ठेवा. मागच्या पानावर, साध्या टाइपात, त्यांचा लोगो किंवा अक्षरवळण न वापरता: 'हीरो सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीसोबत खेळता येईल. हे प्रकाशन स्वतंत्र आहे. हीरो सिस्टिमच्या मालकांशी त्याचा संबंध नाही आणि त्यांची त्याला मान्यता नाही.' 'चॅम्पियन्स' हा शब्द या मजकुरातही नको. देवनागरीत लिहिला म्हणून तो वेगळा ठरत नाही, उच्चार सारखा असला की साम्य धरलं जातं.

स्वतःच्या शीर्षकाची नोंदणी आता करून ठेवा. भारतात ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. पीडीएफसाठी वर्ग ९, पुढे छापणार असाल तर १६. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहीर झाल्यावर ४ महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं टिकते. अर्ज गटातल्या एकाच्याच नावाने करू नका, नाहीतर गट फुटला की तुमच्याच शीर्षकावरून वाद होईल. आधी साधा भागीदारी करार करा आणि त्यात नाव, मजकूर आणि चित्रं यांचा हक्क कोणाकडे ते तीन वेगळ्या कलमांत लिहा. चित्रकाराकडून कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतीय कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. परदेशात विकायचं असेल तर 'जगभर' हा शब्द करारात हवाच.