ग्रिमच्या गोष्टी टीव्हीवर: मुलांना घाबरू द्यावं की नाही?

माईनकाठची
आम्ही फ्रँकफुर्टजवळ राहतो. लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचं जन्मगाव हानाऊ इथून लोकलने थोड्याच अंतरावर. मुलगी सात वर्षांची, सध्या ‘सिमसालाग्रिम’ बघतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९९ साली सुरू झालेली जर्मन कार्टून मालिका. योयो आणि डॉक क्रॉक हे दोन चित्रविचित्र प्राणी जादूच्या पुस्तकातून गोष्टींच्या जगात जातात आणि नायक-नायिकेला मदत करतात.

माझी तक्रार या मदतीबद्दलच आहे. हॅन्सेल आणि ग्रेटेल ही भावंडं जंगलात एकटे पडतात, घरच्यांनीच सोडलेलं असतं, खुणेसाठी टाकलेले पावाचे तुकडे पाखरांनी खाल्लेले असतात. ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलते, कारण दुसरं कुणी येणारच नसतं. तिथे विनोद करायला दोघं हजर असले की पोरीच्या धीटपणाला काय किंमत राहिली? रक्त आणि शिक्षा गाळा हवं तर, एकटेपण गाळू नका.

कढीपत्ता
साफ असहमत. हे एकटेपण वगैरे मोठ्यांना आवडतं. अशा मालिका ‘सहकुटुंब’ बघायच्या, म्हणजे सोफ्यावर चार वर्षांचं आणि नऊ वर्षांचं शेजारी शेजारी. आजी गोष्ट सांगताना पोराचा चेहरा बघून लांडगा लहान-मोठा करते. टीव्हीला समोरचा चेहरा दिसत नाही. धीर द्यायला आजी नाही, म्हणून योयो.

खवट_वाचक
मुळात ‘खरी गोष्ट’ कुठली धरायची? ग्रिमच्या पुस्तकाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेलची आई सावत्र व्हायला १८४० उजाडलं. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारते की माझे कपडे घट्ट का होतायत, म्हणजे काय ते समजा. पुढे ते वाक्य गायब. घरात वाचता यावं म्हणून ग्रिम बंधूच कात्री चालवत होते. टीव्हीवाल्यांनी चालवली की लगेच बोंब?

माईनकाठची
@खवट_वाचक, कात्री कुठे चालली तेही बघा की. दिवस गेल्याचं काढलं, शिक्षा मात्र वाढवली! कबुतरं सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे फोडतात, हे पहिल्या आवृत्तीत नव्हतंच, १८१९ ला आलं. आणि बूट घालून बघायचा तो प्रसंग वाचा. सावत्र आई स्वतःच्या मुलीच्या हातात सुरी देते: अंगठा छाटून टाक, राणी झालीस की पायी चालावंच लागणार नाही. एवढ्यात त्या आईची सगळी हाव कळते. सुरी काढलीत तर उरतं काय, चपलांचं दुकान?

रीळवाला
मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो. तुम्ही सगळे साहित्यावर बोलताय, मी खर्चावर बोलतो. ग्रिमची गोष्ट चार पानांची, एपिसोड पंचवीसेक मिनिटांचा. मधली जागा कोण भरणार? शिवाय दर आठवड्याला नवी राजकन्या, नवा किल्ला, नवं जंगल. प्रत्येकाची मॉडेल शीट (सगळ्या बाजूंनी कसं दिसतं त्याचा नमुना-तक्ता) नव्याने, बॅकग्राउंड नव्याने. नेहमीच्या मालिकेत एकदा काढलेलं घर वर्षभर वापरता येतं, इथे ती सोय नाही. अशा वेळी दोन कायमची पात्रं असली की त्यांचं चालणं-पळणं तयार, आवाज ठरलेले, पोस्टरवर टाकायला चेहरे, जमलं तर खेळणीसुद्धा.

पण त्यावाचून अडतं असंही नाही. जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८७ ते ८९ मध्ये ग्रिमवर मालिका केली, त्यात असे कायमचे सोबती नाहीत. हिमगौरीला त्यांनी सरळ अनेक भाग दिले. निळ्या दाढीवाल्याची, बायकांचे खून पाडणाऱ्याची गोष्टही घेतली. ती तर ग्रिमनी स्वतःच पहिल्या आवृत्तीनंतर वगळली होती!

कढीपत्ता
वा! जेवताना बायकांची प्रेतं. तुमच्याकडे लावा, आमच्याकडे नको.

टुणुक_टुणुक
जर्मनीला कशाला जायचं? आपल्या चिऊताईच्या गोष्टीत तापलेल्या तव्यावर बसून कावळ्याचा पार्श्वभाग भाजतो, पोरं खिदळतात. तेच चित्रात काढून बघा: लालभडक तवा, धूर, काव काव. एकही पोर हसणार नाही. त्यामुळे या मुद्द्यावर कढीपत्ता यांना +१. मात्र कावळ्याला वाचवायला एखादं माकड आणलंत तर मी टीव्ही फोडीन.

माईनकाठची
सगळं चित्रात दाखवा असं मी म्हटलंच नाहीये. हिमगौरीच्या शेवटी राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालतात आणि ती मरून पडेपर्यंत नाचते. ग्रिमनी ते एका वाक्यात उरकलंय. ना किंचाळी, ना जळलेली कातडी. कॅमेऱ्यालाही तेवढंच करता येईल: चिमट्यात धरून आणलेले जोडे दाखवा, मग वऱ्हाडाचे चेहरे, संपलं. यात डॉक क्रॉकची गरज कुठे पडते?

कढीपत्ता
आणि मुलीने विचारलं, राणीचं पुढे काय झालं, तर?

माईनकाठची
तर मी सांगीन. शेजारीच बसलेली असते ना मी. सहकुटुंब बघायचं म्हणालात ते तुम्हीच.

रीळवाला
तुम्ही बसता हो. बहुतेक घरांत टीव्ही लावून आईबाप स्वयंपाकघरात असतात, आणि चॅनेल कार्यक्रम घेतं ते त्या घरांसाठी. बाकी जोडे आणि चेहरे, एवढ्या चार शॉटचा खर्च काहीच नाही, उद्या काढून देतो.