शिकवण नीट कळली नाही, तर नुसत्या शेजारप्रीतीला अर्थ आहे का?

प्रश्न: सन ३२५च्या निकेया परिषदेतला (ख्रिस्ती धर्मगुरूंची सभा) 'पुत्र पित्याशी एकतत्त्व', म्हणजे येशू आणि देव एकाच तत्त्वाचे, हा वाद वाचून डोकं गरगरलं. हे बाजूला ठेवून फक्त माणसांना मदत करत राहिलं तर चालेल?

उत्तर १: बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा १०वा अध्याय उघडा. यहुदी धर्मनियमांचा एक शास्त्री विचारतो, 'माझा शेजारी कोण?' येशू व्याख्या देतच नाही, लुटारूंनी अर्धमेला केलेल्या वाटसरूची आणि त्याला मदत करणाऱ्याची गोष्ट सांगतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळा, दोन दिनार (बायबलच्याच मत्तय २० प्रमाणे दिनार म्हणजे दिवसाची मजुरी), शिवाय जास्त खर्च झाल्यास परतताना फेडायची हमी. आणि हे करणारा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी शिकवणीत चुकलेलाच!

उत्तर २: 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कुणी सांगत नाही. 'मंगळवारी औषधं आणू की गुरुवारी मुलं सांभाळू?' असं विचारा. आजारी घरी पहिल्या आठवड्यात गर्दी होते, तिसऱ्यात चिटपाखरू नसतं. म्हणून चौघांनी वार वाटून घ्या. डबा देण्याआधी मीठ-साखरेचं पथ्य विचारा. डबा परत मागायचा नाही, धुऊन देण्याचंही ओझं होतं. पंधरा मिनिटं बसा. प्रवचन नको, प्रार्थना त्यांनी म्हटलं तरच.

उत्तर ३: थोडा विरोध. मत्तय २२ मध्ये देवावरची प्रीती पहिली आज्ञा आहे, शेजाऱ्याची दुसरी. शिकवण टाकू नका, रांगेत मागे उभी करा. उघड्या-उपाशी माणसाला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' एवढंच म्हणण्यावर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) चांगलेच फटके आहेत.