रोममध्ये मृत्युपत्रातून बेदखल केलेल्या नातलगांना दाद कशाच्या आधारे मागता येत असे?

वाचनवेडा (प्रश्न):
रोमन कायद्याविषयी वाचताना एका विसंगतीपाशी मी अडलो आहे. इ. स. पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्याने कुटुंबप्रमुखाला मृत्युपत्राद्वारे आपल्या मालमत्तेची हवी तशी व्यवस्था लावण्याची मुभा दिली होती. मग पुढच्या काळात बेदखल झालेली मुले न्यायालयात जाऊन मृत्युपत्रे उलथवीत, ती कशाच्या आधारावर? आणि हा मार्ग भावंडांनाही खुला होता का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

जुनी पाटी:
अनुल्लेख आणि बेदखली या रोमन कायद्यात दोन निराळ्या गोष्टी होत्या, हे आधी लक्षात घ्यावे. बापाच्या सत्तेखालील मुलाला वारस करायचे नसेल, तर त्याचे नाव घेऊन तसे लिहावे लागे. मुली आणि नातवंडे यांच्यासाठी ‘बाकी सर्व बेदखल’ एवढे मोघम वाक्य पुरे. मुलाविषयी मृत्युपत्राने मौनच पाळले असेल, तर ते मुळातच निरर्थक ठरे. रोमन वक्ता सिसेरो याने एक हकिकत दिली आहे : सैन्यात असलेला मुलगा मेल्याची खोटी बातमी आली, बापाने ती खरी मानून दुसऱ्याच कोणाला वारस नेमले, स्वतः वारला, आणि मग मुलगा घरी परतला. त्याचा दावा याच मुद्द्यावर उभा होता. बापाच्या सत्तेतून मुक्त झालेल्या मुलांचाही उल्लेख नसेल, तर पुढे प्रीटर (न्यायदान पाहणारा रोमन अधिकारी) त्यांना मृत्युपत्राविरुद्ध मालमत्तेचा ताबा देऊ लागला.

आपली खरी अडचण मात्र याच्या पुढची आहे. बापाने नाव घेऊन, सारे सोपस्कार पाळून मुलाला बेदखल केले, तर कायद्याच्या अक्षरात खोट काढायला जागाच उरत नाही.

धूळपाटी:
तिथेच ‘कर्तव्यविन्मुख मृत्युपत्राची तक्रार’ सुरू होते. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात शंभरांच्या न्यायालयापुढे (वारसाहक्काचे खटले चालवणाऱ्या मोठ्या न्यायमंडळापुढे) वक्त्यांनी ही युक्ती रुळवली. ज्याने निरपराध पोटच्या पोरांना तोडले, तो मृत्युपत्र करताना शुद्धीवर नसलाच पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. त्याला कोणी खरोखर वेडा मानत नसे, कारण वेड्याचे मृत्युपत्र तसेही रद्दच झाले असते. हा केवळ वेडाचा मुलामा होता. कायद्याला बगल न देता नीतीला न्यायालयात आणण्याची ही चलाखी मला फार आवडते.

रोमन वकील आणि लेखक धाकट्या प्लिनीने लढवलेला खटला पाहा. ऐंशी वर्षांच्या बापाने प्रेमात पडून नवी बायको घरात आणली आणि अकरा दिवसांच्या आत मुलगी अत्तिया विरिओला हिला बेदखल केले. एकशे ऐंशी न्यायाधीश चार मंडळांत बसले होते. दोन मंडळांनी मुलीच्या बाजूने कौल दिला, दोन मंडळांनी विरुद्ध. सहाव्या हिश्शाची वारस नेमलेली सावत्र आई मात्र हरली. (न्यायालयाला ‘शंभरांचे’ म्हणत, पण प्रजासत्ताकातही त्यात १०५ जण असत.)

वाचनवेडा:
आभारी आहे. पण मग असमाधानी असलेला प्रत्येक मुलगा दावा का लावत नसे?

धूळपाटी:
कारण दावा अंगाशी येण्याची शक्यता मोठी होती. हरणाऱ्याला मृत्युपत्राने जे काही दिले असेल, तेही त्याच्या हातून जाई. त्यातली देणगी एकदा स्वीकारली की तक्रारीचे तोंड बंद. दुसरा कोणताही उपाय उपलब्ध असेल, तर हा मार्ग मिळतच नसे. आणि मृत्युपत्र नसते तर जो वाटा मिळाला असता, त्याच्या चौथ्या भागाइतके मिळालेल्यालाही तक्रारीला जागा नव्हती. हा चौथा हिस्सा इ. स. पू. ४० च्या फाल्सिदियन कायद्यावरून घेतलेला आहे; देणग्या वाटूनही वारसाकडे किमान चौथा हिस्सा उरावा, असा तो कायदा होता. मृताने केलेल्या अपमानाची ही तक्रार असल्यामुळे, तक्रारदार ती सुरू करण्याआधीच मेला तर ती त्याच्या वारसांकडे जात नसे.

जुनी पाटी:
भावंडांचा प्रश्न राहिला. मुले, मग आईबाप, मग भावंडे, असा क्रम होता. पण इ. स. ३१९ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने भावंडांची वाट अरुंद केली आणि एखादी बदनाम व्यक्ती वारस नेमली गेली असेल, तरच त्यांना तक्रार करू दिली. आईच्या मृत्युपत्राची गोष्ट आणखी निराळी : मुले तिच्या सत्तेखाली नसत, त्यामुळे तिचे मौन बेदखलीसारखेच धरले जाई आणि मुलांच्या हाती या तक्रारीखेरीज काही उरत नसे.

सम्राट जस्टिनियनने ५२८ साली ठरवले की काही थोडे जरी ठेवले असेल, तरी मृत्युपत्र पाडायचे नाही, फक्त कमी पडलेला भाग भरून मागायचा. ५४२ मध्ये त्याने मुलांना बेदखल करण्याची चौदा कारणे लिहून दिली आणि त्यांपैकी एखादे मृत्युपत्रात नमूद करून सिद्ध करण्याचा भार वारसांवर टाकला. वेडाच्या मुलाम्याची गरज त्यानंतर फारशी उरली नाही.